माझ्या पत्र्यावरचे कानुले आणि गंजे

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी कूलर आहे. माझा पंखा फिरत नाही, पंप कधीच काढून नेला आहे, आणि एका जाळीतले गवत चिमण्यांनी काडी काडी करून पळवले आहे. तरी माझी कीव करू नका. तुमच्या घरातला नवा, पांढरा, गुळगुळीत एसी फार तर एक खोली गार करतो. माझ्या अंगावर एक अख्खे जग वसलेले आहे. त्यात निरनिराळे लोक आहेत, एक अजस्र प्राणी आहे, एक नदी आहे आणि पुष्कळ भानगडी आहेत. ते जग कसे वसले आणि त्याची वाटणी करायची वेळ आली तेव्हा काय झाले, ते मी तुम्हाला सांगतो.

माझा जन्म छत्रपती संभाजीनगरात, जुन्या मोंढ्याजवळच्या एका पत्र्याच्या दुकानात झाला. दिवसभर हातोड्यांचा ठणठणाट. जाड पत्रा, पोटात पाण्याची टाकी, तीन बाजूंना आडव्या पट्ट्यांच्या जाळ्या, जाळ्यांमध्ये गवत, समोर पंखा आणि वरून हिरवा रंग, असे माझे रूप होते. मला विकत घेतले नानासाहेबांनी. त्यांची शेती वेरूळकडे. मुलाने, म्हणजे इंद्रजीतने, सिडकोत घर बांधले तेव्हा ते आणि त्यांच्या पत्नी सरूबाई शहरात राहायला आले. दुकानातल्या एकेका कूलरभोवती नानासाहेब फिरले. माझ्यापाशी येऊन थांबले, बैलाच्या पाठीवर मारावी तशी माझ्या पाठीवर थाप मारली, वाकून माझे पाय पाहिले, आणि दात बघता येईनात म्हणून जाळीत बोटे घालून बघितली. मग म्हणाले, "ह्यो चालंल."

ती माझ्या आयुष्यातली पहिली पसंती. आजही आठवली की माझा पत्रा ताणला जातो.

पुढची बरीच वर्षे मी त्या घराचा लाडका होतो. एप्रिल-मेमध्ये इथे जे ऊन पडते, ते ज्याने सोसले त्यालाच कळेल. दुपारी सगळे घर माझ्यासमोर येऊन आडवे होई. बरोबर वाऱ्याच्या झोतात कुणी निजायचे, यावरून शाब्दिक मारामाऱ्या होत. सरूबाई माझ्या टाकीत कलिंगड बुडवून ठेवत आणि ते कापताना म्हणत की फ्रीजमधल्या कलिंगडाला ही चव नाही. पाहुणे आले की नानासाहेब त्यांना आधी माझ्यासमोर बसवत, मग पाणी विचारत.

पण मित्रांनो, लोखंडाचे दिवस सारखे राहत नाहीत. माझा पंखा घरघर करू लागला. टाकी कोपऱ्यातून झिरपू लागली. एका उन्हाळ्यात इंद्रजीतने एसी आणला. माझा पंप काढून बागेतल्या कारंज्याला लावला, ते कारंजे आठच दिवस उडाले, आणि मला उचलून घराच्या बाजूच्या बोळात, जिन्याखाली नेऊन ठेवले. माझ्या डोक्यावरून महापालिकेच्या नळाचा पाइप गेला होता. त्याचा सांधा गळका. नळ येई तेव्हा माझ्या माथ्यावर टपटप पाणी पडे, ओघळ समोरच्या पत्र्यावरून खाली जाई, आणि माझा हिरवा रंग फुगून सुटत जाई. वर गंज चढला. माझ्यावर कुणी फुटकी बादली ठेवली, कुणी झिजलेला खराटा टेकवला. सरूबाई तेवढ्या येता-जाता म्हणत, "बिचाऱ्यानं लई वारा दिला." बाकी कुणाला मी दिसतच नव्हतो.

मी दिसलो तो संघपालला.

वरच्या मजल्यावर भाडेकरू राहत. धम्मपाल हे चितेगावच्या एका कारखान्यात नोकरीला होते, त्यांची पत्नी करुणा एका दवाखान्यात नर्स होती, आणि त्यांचा मुलगा संघपाल पाचवीत होता. हा मुलगा कमी बोले आणि जास्त बघे. एका सुट्टीच्या दिवशी तो जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून माझ्या माथ्यावरच्या गंजाकडे इतका वेळ टक लावून बसला की मला संकोच वाटू लागला. मग त्याने खिशातून खडूचा तुकडा काढला आणि गंजाच्या डागाभोवती एक रेघ ओढली.

तेवढ्यात इंद्रजीतची मुलगी संस्कृती तिथे आली. तीही पाचवीतच, पण जास्त बोलणारी आणि कमी बघणारी. तिने त्याला सुनावले की हा कूलर आमचा आहे. संघपालने मान हलवली. कूलर तुमचाच आहे, पण हे बेट माझे आहे, असे तो म्हणाला. संस्कृती पायांच्या बोटांवर उभी राहिली, बेट बघितले आणि तिथे कोण राहते असे विचारले. त्याने अजून तो विचार केला नव्हता. तिने लगेच सांगितले की तिथे गंजे राहतात. लाल रंगाचे, तुळतुळीत टकलाचे, आणि लोखंड खाणारे.

असे माझ्या अंगावर पहिले लोक आले.

त्यांची पद्धत ठरून गेली. रोज संध्याकाळी शाळेनंतर दोघे बोळात येत आणि माझ्याभोवती फिरत. माझ्यावर जे काही असेल, त्यातूनच जग काढायचे, असा संघपालचा आग्रह होता. गळक्या सांध्याचा ओघळ म्हणजे नदी. आता तुम्हाला ठाऊकच आहे की आमच्या शहरात नळ रोज येत नाही. आठवड्याने येतो, कधी त्याहून उशिरा, आणि कोणत्या वेळी येईल ते नळालाच ठाऊक. तेव्हा त्यांच्या जगातली नदीही तशीच. ती आली की सण, आणि ती कधी येणार हे आधी कळावे म्हणून जाळीच्या पट्ट्यांमध्ये राहणाऱ्या लोकांना संघपालने सुपाएवढे कान दिले. त्यांचे नाव कानुले. कानुले दिवसभर पाइपाला कान लावून बसत. आत गुर्र आवाज झाला की एक कानुला दुसऱ्याला सांगे, दुसरा तिसऱ्याला, आणि सगळ्या पट्ट्यांमधले कानुले हंडे घेऊन धावत सुटत. हे चित्र काढून झाले त्याच दिवशी खरोखर नळ आला आणि सरूबाई हंडा घेऊन धावत बोळात आल्या. त्यांना बघून ही दोन पोरे का हसत सुटली, ते त्यांना कळले नाही.

दीडपायी लोक अपघाताने जन्मले. संस्कृतीने टाकीच्या पत्र्यावर सात धिप्पाड योद्धे काढले होते. सरूबाईंनी बोळ धुतला, पाणी उडाले, आणि योद्ध्यांचा एकेक पाय गुडघ्यापासून पुसला गेला. संस्कृती रडवेली झाली. पण संघपालने ते पाय पुन्हा काढू दिले नाहीत. आता हे असेच आहेत, का ते शोधू या, असे तो म्हणाला. शोध लागला तो असा की या लोकांना भांडणात पळून जायची फार सवय होती, म्हणून त्यांच्या पूर्वजांनी ठरवून अर्धा पाय सोडून दिला. तेव्हापासून ते जागच्या जागी उभे राहून भांडतात आणि त्यामुळे भांडणे लवकर मिटतात.

आणि मग महापाल. ती कुणी काढलेली नव्हती. माझ्या मागच्या जाळीत एक खरीखुरी पाल राहत होती, तीच त्या जगातले अजस्र श्वापद ठरली. ती नदीकाठी आली की संकट, जाळीत परतली की शांतता. एकदा खराट्याच्या धक्क्याने तिची शेपटी तुटली, तर त्या दिवसापासून तिथले नवे वर्षच सुरू झाले. मित्रांनो, त्या पालीला यातले काही माहीत नाही. ती डास खाते.

करुणाबाई दवाखान्यातून परत येताना जिन्यापाशी थांबत आणि दिवसभरात काय नवीन झाले ते ऐकून घेत. त्या हसत नसत. हे लोक काय खातात आणि कुणाला घाबरतात, एवढे मुलांनी ठरवलेले असे. करुणाबाईंनी तिसरा प्रश्न घातला. यांना दुखते कुठे, ते ठरवल्याशिवाय माणूस पुरा होत नाही, असे त्या म्हणाल्या. मग सगळ्यांची तपासणी झाली. लोखंड खाऊन गंज्यांचे दात दुखत. कानुल्यांना कुकरच्या शिटीचा त्रास. दीडपायी लोकांना नसलेला पाय दुखे, आणि त्यावर करुणाबाईंनी गंभीर चेहऱ्याने सांगितले की असे खरेच होते.

त्याच संध्याकाळी संघपालला मी आठवलो. हे सगळे ज्याच्या अंगावर राहतात त्या डोंगराला कुठे दुखत असेल, असे त्याने विचारले. संस्कृतीने विचार केला आणि जिथे माझा पंखा अडकून पडला आहे तिथे हात ठेवला. मी लोखंड आहे, मला रडता येत नाही. पण सांधा गळत होता, तेव्हा कुणाला कळलेही नसते.

असे दीडेक वर्ष गेले. माझ्या उभ्या आयुष्यातला तो सर्वात सुखाचा काळ. थंडगार वारा देत होतो तेव्हा लोक माझ्याकडे पाय करून झोपत. आता दोन माणसे माझ्याकडे तोंड करून बसत होती.

मग एके दिवशी सरूबाई ताक घुसळता घुसळता संस्कृतीला सहज म्हणाल्या की वरची मंडळी जागा सोडणार आहेत. धम्मपालांना रोजचे जाणे-येणे झेपत नव्हते. त्यांनी चितेगावातच घर बघितले होते. संस्कृतीने विचारले की संघपालला हे माहीत आहे का. सरूबाई म्हणाल्या, "त्याला म्हाईत नसंल व्हय? त्याच्या शाळंचं बी झालं तिकडं."

संस्कृती बोळात आली तेव्हा तिच्या हातात फरशी पुसायचे ओले फडके होते. तिने डाव्या जाळीची सगळ्यात वरची पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुसली. त्या पट्टीत कानुल्यांची सगळ्यात म्हातारी माणसे राहत होती.

संघपाल खाली आला. त्याने पट्टीकडे पाहिले, फडक्याकडे पाहिले, आणि हळूच म्हणाला, "त्यांनी काय केलं होतं?"

"तू जाणारच होतास," संस्कृती म्हणाली, "तर त्यांना बनवलंसच कशाला?"

उत्तर नसले की माणसे भांडतात, तसे ते भांडले. पहिली रेघ मी ओढली म्हणून जग माझे आहे, असे तो म्हणाला. कूलर आमचा आहे म्हणून जग माझे आहे, असे ती म्हणाली. गंजे मी आणले. नदी मी शोधली. दीडपायी माझे. पण त्यांचा इतिहास माझा. शेवटी दोघांचे एकाच गोष्टीवर एकमत झाले, की आता वाटणी करून टाकायची. आणि वाटणी म्हटल्यावर घरात एकच माणूस होता.

मित्रांनो, नानासाहेबांचा त्यांच्या चुलतभावाशी बांधावरून खटला चालू होता. तो इतका जुना होता की मूळ बांध कुठे होता ते आता दोन्ही पक्षांना आठवत नव्हते. वर्षानुवर्षे तारखा करून करून नानासाहेबांना वकिलाइतका कायदा आणि न्यायाधीशाइतका तोरा आला होता. शहरात मात्र त्यांच्या या ज्ञानाला गिऱ्हाईक नव्हते. इथे कुणाला बांधच नव्हता. त्यामुळे दोन मुले चेहरे पाडून समोर उभी राहिली आणि वाटणी करून द्या म्हणाली, तेव्हा नानासाहेबांनी हातातले वर्तमानपत्र घडी करून ठेवले, टोपी घातली, आणि रविवारी सकाळची वेळ दिली.

सरूबाई म्हणाल्या, "गावाकडली वाटणी अजून मिटली नाय, अन् हे निघाले कूलरची करायला."

रविवारी वर सामानाची बांधाबांध चालली होती. दुसऱ्या दिवशी टेम्पो येणार होता. खाली बोळात नानासाहेब खुर्ची टाकून बसले, हातात मोजपट्टी, बाजूला चहा. मला वाटले होते की ते पोरांची गंमत करतील. पण त्या माणसाला वाटणीत गंमत करता येत नव्हती. त्यांनी माझ्या चारी बाजूंची लांबी-रुंदी घेतली. मग पाणी कुठून येते ते विचारले. संस्कृतीने सांध्यापासून खालपर्यंत नदी दाखवली. पाळी कशी आहे, हा त्यांचा पुढचा प्रश्न. संघपाल म्हणाला की पाळी नाही, नदी येते तेव्हा सगळेच धावतात. नानासाहेबांनी जीभ टाळ्याला लावून चक् असा आवाज केला. पाण्याची पाळी नसलेला मुलूख त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

तासाभरात नानासाहेब त्या जगात कमरेइतके बुडाले. गंजे वर राहतात म्हणजे पाण्यावर त्यांचा पहिला हक्क लागतो, मग कानुल्यांनी आजवर हरकत का घेतली नाही? महापाल कुणाच्या मालकीची? कुणाचीच नाही, असे दोघांनी सांगितले तेव्हा त्यांनी ती गायरानात धरली आणि तिला दोन्हीकडे चरायची मोकळीक दिली. उजवी जाळी आणि माथा संस्कृतीला गेला, डावी जाळी आणि मागची बाजू संघपालला. डावी जाळी कड्यांतून निखळून निघत होती, ती त्याने चितेगावला घेऊन जायची होती. उरले टाकीवरचे दीडपायी लोक.

"सात जण," नानासाहेब म्हणाले. "दीड पायाचे सात, म्हंजी झाले साडेदहा पाय. सव्वापाच तुझे, सव्वापाच हिचे."

"पाय कसे वाटणार?" संघपालने विचारले.

"मग मुंड्या मोजू. साडेतीन-साडेतीन."

मुलांनी एकमेकांकडे पाहिले. भांडण झाल्यापासून पहिल्यांदाच. सातवा दीडपायी सगळ्यांत धाकटा होता आणि त्याला आधीच अर्धा पाय कमी होता. संस्कृती म्हणाली की त्याला कापायचे नाही, हवे तर सगळे संघपालला द्या. संघपाल म्हणाला की नको, तिलाच द्या, तिकडे त्यांना उभे राहायला टाकी नाही. मग तो माझ्या डाव्या जाळीपाशी गेला आणि तिच्यावर हात ठेवून उभा राहिला. नानासाहेबांनी त्याला विचारले की अजून काही हरकत आहे का.

"आजोबा," तो म्हणाला, "चितेगावच्या घरी बोअर आहे. पाणी रोज येतं. तिथं कानुल्यांनी कान कशाला लावायचे?"

नानासाहेबांच्या हातातली मोजपट्टी सटकन आपल्या डबीत परत गेली. आयुष्यात त्यांनी पाण्यासाठी भांडणारे पुष्कळ पाहिले होते. पाणी फार आहे म्हणून अडचणीत आलेला पक्षकार त्यांच्यासमोर पहिल्यांदाच उभा होता.

संस्कृती म्हणाली, "मग नदीपण तूच ने." पण नदी सांध्याची होती, सांधा पाइपाचा आणि पाइप महापालिकेचा. ती नेता येत नव्हती.

नेमक्या याच वेळी बोळाच्या तोंडाशी हातगाडी येऊन थांबली. जागा रिकामी होतेच आहे, तर बोळही मोकळा करू, म्हणून इंद्रजीतने भंगारवाल्याला बोलावून ठेवले होते. तो त्याला घेऊन आत आला आणि माझ्याकडे बोट दाखवले. भंगारवाल्याने मला दोन्ही हातांनी धरून हलवले. माझ्या माथ्यावरून गंजाची खपली पडली. गंज्यांचा अर्धा किनारा गेला तो गेलाच. महापाल जाळीतून सरसर बाहेर आली आणि भिंतीवर चढली. संस्कृतीला खरे तर माझ्यावर चढून बसायचे होते, पण वर गंजे चिरडले असते, म्हणून ती माझ्यासमोर हात पसरून उभी राहिली. संघपाल तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. दोघांनी मिळून माझी एक बाजूसुद्धा झाकली जात नव्हती. पंख्यापाशी पत्रा थरथरत होता. ते भंगारवाल्याच्या हातामुळे की माझ्या भीतीमुळे, मला सांगता येणार नाही.

नानासाहेब खुर्चीतून उठले. "थांब जरा," ते भंगारवाल्याला म्हणाले. "याला हात लावू नगं. प्रकरण चालू आहे."

इंद्रजीत म्हणाला, "नाना, कूलर आहे तो."

"व्हय. अन् वादातला आहे. वादातली जिन्नस हलवता येत नाय. निकाल लागस्तोवर जैसे थे."

इंद्रजीतने वडिलांकडे पाहिले, मुलीकडे पाहिले, संघपालकडे पाहिले. तो लहानपणापासून तारखांच्या गोष्टी ऐकत मोठा झाला होता. या माणसाशी वाद घातला तर आपणही त्यात पक्षकार होऊ, हे त्याला अनुभवाने ठाऊक होते. भंगारवाल्याने विचारले, "तो फिर कब आऊं, चाचा?" नानासाहेबांनी त्याला निकालानंतर यायला सांगितले. त्या बिचाऱ्याने गाडी रिकामी जाऊ नये म्हणून फुटकी बादली आणि बोळात धूळ खात पडलेली इंद्रजीतची व्यायामाची सायकल नेली. सायकल न्यायला कुणी सांगितले होते ते शेवटपर्यंत कळले नाही, पण सरूबाई त्या दिवशी फार खुशीत होत्या.

गाडी गेल्यावर संघपालने विचारले की उद्या सकाळी तर आम्ही जाणार, मग निकाल कधी.

नानासाहेबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मी त्यांना पुष्कळ वर्षे ओळखतो. माझ्यासमोर पडल्या पडल्या ते वकिलांना, न्यायाधीशांना आणि तारखा देणाऱ्या कारकुनांना किती शिव्या देत, ते मी ऐकले आहे. तारीख पडली की त्या चुलतभावाचे तोंड पुन्हा बघावे लागते, ही त्यांची सगळ्यात मोठी तक्रार असे. आता ते या दोन पोरांची तोंडे बघत होते.

"निकाल असा एका बैठकीत लागत नसतोय," ते म्हणाले. "मोजणी अर्धी ऱ्हायली. पाण्याचा मुद्दा निघाला. पुढची तारीख या रविवारच्या पुढल्या रविवारी. दोघांनी हजर ऱ्हायाचं. एक जण जरी आला नाय, तर एकतर्फी निकाल देऊन मोकळा होईन, आधीच सांगून ठेवतो."

करुणाबाई सामानाचे खोके घेऊन जिन्यात उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी सगळे ऐकले होते. त्या म्हणाल्या, "हजर राहील, नाना. मी जबाबदार."

आणि तो हजर राहिला. धम्मपाल मोटारसायकलवरून त्याला घेऊन आले. सुट्टीच्या दिवशी एवढ्या लांब कशाला जायचे, असे ते घरी म्हणाले असावेत. पण कोर्टाचे काम म्हटल्यावर माणूस गाडी काढतोच. त्या तारखेला नानासाहेबांचा गुडघा दुखत होता, म्हणून काम तहकूब झाले आणि सरूबाईंनी सगळ्यांना थालीपीठ खाऊ घातले. पुढच्या तारखेला महापालीची साक्ष काढायची होती, पण ती दिवसभर जाळीबाहेर आलीच नाही. त्यानंतरच्या तारखेला कानुल्यांची मोजदाद निघाली. मोजताना पुसलेल्या पट्टीचा प्रश्न आला. नानासाहेबांनी विचारले की इथली माणसे कुठे गेली. दोघेही खाली बघू लागले. मग संस्कृतीने खडू घेतला आणि ती पट्टी पुन्हा भरायला बसली. संघपालने बाजूने पाहिले आणि म्हणाला की कान फारच मोठे झाले. ती मान न वळवता म्हणाली, "चितेगावपासून ऐकायचंय आता त्यांना."

प्रत्येक तारखेला जग वाढत गेले. संघपाल तिकडून नवे लोक घेऊन आला. त्यांचे नाव भोंगे. कारखान्याचा भोंगा होईल तसे ते उठतात आणि झोपतात. त्यांचे तीन गट आहेत आणि एका गटाने दुसऱ्याला कधी जागे पाहिलेले नाही. करुणाबाईंनी त्यांना अपचन दिले आहे.

एकदा मात्र प्रकरण माझ्या जिवावर आले होते. पाऊस सरता सरता गंज्यांचे राज्य माझ्या माथ्यावरून दोन्ही बाजूंनी खाली उतरले. लोखंड खाणारे लोक, आणि मी लोखंड. दोन्ही मुले चिंतेत पडली. सगळे घासून रंगवले तर मी वाचत होतो, पण गंजे मरत होते. रंगवले नाही तर काही वर्षांत कुणीच उरले नसते, मीसुद्धा. शेवटी तह झाला. माथा गंज्यांचा, त्याखाली उतरायचे नाही. तहाची रेघ म्हणून दोघांनी ब्रशने गंजरोधक लाल रंगाचा जाड पट्टा माझ्या चारी बाजूंनी ओढला. तो पट्टा ओला असताना माझ्या अंगावरून जो गारवा गेला, तसा मी दुसऱ्यांना वर्षानुवर्षे दिला होता. मला कुणी दिलेला तो पहिलाच.

आता ती दोघे सातवीत आहेत. संघपालचा आवाज फुटू लागला आहे आणि संस्कृती थोडी जास्त बघू लागली आहे. हा खटला कधीच निकाली निघणार नाही, हे दोघांनाही केव्हाच कळले आहे. तरी रविवारी येऊन ती दोघे न चुकता विचारतात की आज निकाल आहे का. नानासाहेब कपाळाला आठ्या घालतात आणि म्हणतात की अजून बरेच मुद्दे राहिले आहेत. एकदा इंद्रजीतने माझ्याकडे बघून हसत विचारले की नाना, याचा निकाल लावाल तरी कधी? नानासाहेब गंभीरपणे म्हणाले, "घाई करून चालत नाय. लेकरांचा मामला आहे."

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी आम्ही जुन्या वस्तू तेल मागतो, रंग मागतो, दोन गोड शब्द मागतो. तेही द्या, मी नको म्हणणार नाही. पण माझे मागणे थोडे वेगळे आहे. घरातली जुनी वस्तू गाडीवर चढवण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारून या. मागच्या बाजूला कुठे खडूची रेघ दिसली, तर ती कुणाची आहे ते विचारा. तिथे कोण राहते, ते काय खातात, त्यांना दुखते कुठे, हेही विचारा. आणि कधी दोन माणसे आपले भांडण घेऊन तुमच्या दारात आली आणि निकाल लागला की ती पुन्हा भेटणार नाहीत असे तुम्हाला वाटले, तर घाई करू नका. चहा मागवा, चष्मा पुसा आणि पुढची तारीख द्या.